मोडी वाचणारं कोणी आहे का? आजोबांची १९४५ सालची पत्रं

कोरेगावकरीण

मदत हवी आहे. थोडं लांबण लागेल, आधीच सांगते.

गणपतीत गावी गेले होते (कोरेगाव तालुका, सातारा). जुनं घर पाडायचं चाललंय, म्हणून माळ्यावरची आजोबांची फौजेतली ट्रंक खाली काढली. काळी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि आडनाव. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली असती तरी फिरली नसती. फोडलं. आत कसरीनं चाळण केलेली लोकरी जर्सी, ॲल्युमिनियमचा मग, एक परदेशी नोट आणि मेणकापडात गुंडाळलेली तीन पत्रं.

पत्रं आजोबांनीच घरी पाठवलेली. तिन्हींच्या मधोमध भोक आहे. आमच्याकडे आलेलं पत्र वाचून झालं की तारेला टोचून ठेवायचे, त्याचं ते भोक. तारेवर बाकी काय काय होतं देव जाणे, पण आजोबांनी परत आल्यावर ही तीनच काढून कुलपात ठेवली, असा आमचा अंदाज.

पार्श्वभूमी. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, सहाव्या पलटणीत शिपाई. लग्न १९४३च्या उन्हाळ्यात, रजेवर आले तेव्हा. आजी पंधरा वर्षांची. तिच्या वाट्याला नवरा आला वीस-बावीस दिवस, मग थेट ४६च्या पावसाळ्यात. मधली तीन वर्षं म्हणजे ही तार.

पहिलं पत्र बाळबोधीत (म्हणजे नेहमीच्या देवनागरीत) आहे, ते मी वाचलं. जसंच्या तसं देते (नावं गाळली आहेत):

"श्री. तीर्थरूप आबा व मातोश्री यांचे चरणी बालकाचा शिरसाष्टांग दंडवत. विनंती विशेष. आपले कृपेने मी येथे खुशाल आहे, आपली खुशाली कळवीत जावी. पत्र देणेस कारण की लढाई संपली. जपान शरण आला. आता नंबर लागले की माणसे घरी सोडणार आहेत. माझा नंबर संक्रांतीचे आत लागेल असे सुभेदारसाहेब बोलले. पैसे पाठविले ते पावले की कसे ते लिहावे. तांबड्या गाईस वासरू काय झाले ते लिहावे. घरातील मंडळीस सांगणे की परसातील शेवग्यास पाणी घालीत जावे, हयगय करू नये. लहानथोरांस आशीर्वाद, वडिलांस दंडवत. लोभ असावा ही विनंती."

"घरातील मंडळी" म्हणजे आजी. नवरा बायकोला पत्र लिहितोय, पण पत्र आहे वडिलांच्या नावे, वाचणार दुसरीतला धाकटा दीर, मोठ्यानं, ओसरीवर, सगळ्यांसमोर. ती बिचारी चुलीपाशी बसून आपल्या वाट्याचं एक वाक्य ऐकणार. पाऊण पानाच्या पत्रात तिचं एक वाक्य, तेही शेवग्याबद्दल.

आता अडचण. दुसऱ्या पत्रात वर बाळबोधी आणि अगदी तळाला, सहीच्याही खाली, अडीच ओळी मोडीत आहेत. त्यातलं एक अक्षर नेमकं तारेच्या भोकात गेलंय. फोटो चढवलाय. तारीख नाही, पण वर "कार्तिकी एकादशी" लिहिलंय.

आणखी एक. आजोबा जपानला होते असं घरात सगळे म्हणतात. आणि आमच्याकडे "सुरबाई" नावाचं एक प्रकरण आहे. आजोबांना ताप चढला की बरळायचे, "सुरबाईत… सुरबाईत…" आजीला मरेपर्यंत (२००९) खात्री होती की तिकडे कोणीतरी सुरबाई होती. आम्ही नातवंडं हसायचो. ती हसायची नाही.

---

तिरकस

सुरबाई! धाग्याचं नावच हे ठेवायला हवं होतं. पण जपानी बाईचं नाव सुरबाई कसं असेल? आजोबांनी लाडानं ठेवलं असणार. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

---

बांधावरून

पत्र वाचून गलबललं. पण मी शेतकरी, माझं लक्ष भलतीकडेच गेलं. शेवग्याला पाणी कोण घालतं हो? एकदा धरला की शेवगा दगडातही जगतो. आमच्या माणदेशात तर कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तरी शेंगा लगडतात. "हयगय करू नये" लिहिण्याजोगं ते झाडच नाही.

---

कोरेगावकरीण

@बांधावरून, अरेच्चा, हे डोक्यातच आलं नव्हतं! आत्याला विचारते. शेवगा परसात न्हाणीच्या मागे होता एवढं मला आठवतंय.

---

मेलबर्नची_माई

न्हाणीच्या मागे म्हणजे एकत्र कुटुंबात दोघांना उभं राहून चार शब्द बोलता येतील अशी एकच जागा. मला वाटतं प्रश्न सुटला. 🙂

आमच्या आजीला "अहो" म्हणायलासुद्धा घरात आडोसा लागायचा.

---

नगरी_नाना

शेवगा हा कधी कधी नुसता शेवगाही असतो. आपण आजच्या डोळ्यांनी वाचतो. त्या काळी पत्रात बैल, विहीर, झाड, वासरू हेच असायचं. माणसाला दुसरं काही लिहिता येत नव्हतं असं नाही, पण लिहायची तीच रीत होती.

---

टपालवेडा

फोटो मोठा करून पाहिला. शिक्का फील्ड पोस्ट ऑफिसचा आहे, गोल, आत नुसता नंबर. गावाचं नाव मुद्दाम नसतं, पलटण कुठे आहे ते टपालावरून कळू नये म्हणून. त्यामुळे जपान की आणखी कुठे हे पाकिटावरून ठरवणं कठीण.

सेन्सॉरबद्दल थोडं. महायुद्धात हिंदी शिपायांची पत्रं उघडली जात. मराठी, तमिळ, पंजाबी, सगळ्या भाषा वाचणारी माणसं त्यासाठी ठेवलेली होती. नुसतं काळं फासणं एवढंच काम नव्हतं. शिपायांच्या मनात काय चाललंय याचे अहवाल बनत आणि वर जात. त्यातले बरेच आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सरकारला सगळ्यात जास्त काळजी कशाची, तर घरून येणाऱ्या पत्रांची: धान्य मिळत नाही, रॉकेल नाही, अलॉटमेंट (पगारातून घरी जाणारी रक्कम) पोचली नाही, भावकीनं बांध सरकवला. शिपाई गोळीपेक्षा अशा पत्रानं जास्त खचतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणजे तुमच्या आजीच्या त्या एका वाक्याला ओसरीवरच्या कानांखेरीज वाटेत आणखी एक वाचक होता. शेवग्याचं कोडं त्यालाही पडलं असेल.

महत्त्वाचं: पत्रांना सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी हात जोडून सांगतो. घड्या हळूच उघडा, सुती कापडात किंवा आम्लविरहित कागदात ठेवा, मेणकापडात परत गुंडाळू नका.

---

निवृत्त_हवालदार

मी त्याच रेजिमेंटचा, फार पुढचा. "नंबर" शब्द वाचून अंगावर काटा आला.

लढाई संपली तेव्हा हिंदी सैन्यात पंचवीस लाखांच्या आसपास माणसं होती. बहुतेक लढाईपुरती भरती झालेली. सगळ्यांना एकदम घरी कसं सोडणार? जहाजंच नव्हती तेवढी. म्हणून वय आणि नोकरीची वर्षं बघून गट पाडले, त्या गटाचा नंबर लागला की माणूस सुटणार. शिपायाच्या भाषेत "नंबर लागला". आज त्यांचा लागला, उद्या आपला, असं करत लोक महिने काढायचे. लढाईतली वाट बघणं वेगळं आणि हे वेगळं. लढाईत माणूस कामात असतो. लढाई संपल्यावर नुसतं फॉलिन (रांगेत उभं राहणं), फटीग (अंगमेहनतीची कामं) आणि बिनकामाचा विचार.

नंबर लागल्यावर आमच्या लोकांना बेळगावला सेंटरवर यावं लागे. सामान जमा, हिशेब, डिस्चार्जचा कागद, मग घरची गाडी. तुमच्या आजोबांचा नंबर ट्रंकेवर आहे ना? तो घालून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा.

जपानबद्दल: हे खोटं नसेलही. १९४६मध्ये जपानच्या ताब्यासाठी जी हिंदी ब्रिगेड गेली तिच्यात मराठ्यांची पहिली पलटण होती, ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखाली. पण ती पहिली. तुम्ही सहावी म्हणताय. सहावी इंफाळच्या लढाईत होती, तेविसाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये. ती जपानला गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पदकं आहेत का घरात? पट्टीवर काय लिहिलंय ते सांगा, लगेच कळेल.

---

कोरेगावकरीण

@निवृत्त_हवालदार, पदकं नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात भांड्यांसोबत मोडीत गेली म्हणतात.

---

तिरकस

पदकं मोडीत गेली आणि पत्र मोडीत निघालं.

---

बोरू

मोडी येते. फोटो आडवा काढलाय आणि सावली पडलीय, तरी प्रयत्न करतो.

मोडी न येणाऱ्यांसाठी: यात आधी डोक्यावरची रेघ ओढून घेतात, मग हात न उचलता एका दमात लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे शब्द कुठे संपतो हे वाचणाऱ्यानं अर्थावरून ठरवायचं.

मला लागलं ते असं:

"आबास कळावे नंबर लांबला येथे पुन्हा लढाई जुंपली आहे सुरब[भोक]स आहे गडी बहुत पडले घरात बोलू नये मंडळीस संक्रांतच सांगावी"

"गडी बहुत पडले" याची खात्री आहे. भोकाआधी "सुरब" स्पष्ट आहे, पुढे "येस" किंवा "यास" असावं. म्हणजे तुमची सुरबाई इथे आहे! पण बापाला लिहिलेल्या ओळीत बाईचा उल्लेख कोण करेल, तोही लढाईच्या शेजारी? मला ते गावाचं नाव वाटतंय.

---

कोरेगावकरीण

थांबा. दोनदा वाचलं.

म्हणजे वर बाळबोधीत, धाकट्या दिरानं वाचायच्या भागात, "माझे काळजी करू नये, संक्रांतीस येतो" असंच आहे. आणि खाली मोडीत आबांना: नंबर लांबला, घरात बोलू नका.

त्या धाकट्या दिराला मोडी येत नव्हती, मोडी वरच्या इयत्तेत असायची. आबा कर्जाचे कागद, पावत्या सगळं मोडीत वाचायचे. म्हणजे पत्र ओसरीवर वाचून झालं, आजी संक्रांत धरून बसली, आणि आबांनी ते हातात घेऊन तळाच्या ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि तारेला टोचून टाकलं. तिच्यासमोर.

मला आज पुढे लिहवत नाही.

---

जकार्ताकर

बारा वर्षं इंडोनेशियात आहे. "सुरब" बघितल्याबरोबर उठून बसलो. ते सुराबाया आहे हो! पूर्व जावाचं मोठं बंदर, इथलं दुसऱ्या नंबरचं शहर.

तारखा जुळवून बघा. सप्टेंबर ४५मध्ये तेविसावी हिंदी डिव्हिजन मलायात उतरली. पहिलं पत्र तिथलं असणार. तिथून त्यांना जावात धाडलं: शरण आलेल्या जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची आणि छावण्यांतले डच कैदी, बायका-मुलं सोडवायची, एवढंच काम सांगितलेलं. पण इकडे १७ ऑगस्टलाच सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केलेलं, आणि लोकांना वाटलं हे सैन्य डचांना परत गादीवर बसवायला आलंय. (ते अगदीच चुकीचं नव्हतं.)

एकोणपन्नासावी ब्रिगेड २५ ऑक्टोबरला सुराबायात उतरली. तीत मराठ्यांची सहावी पलटण होती. छोट्या छोट्या तुकड्या शहरभर पांगलेल्या. २८ तारखेला चहूबाजूंनी हल्ला झाला आणि एकेक तुकडी तोडली गेली. २९ला सुकार्नो स्वतः विमानानं येऊन तह करून गेले. ३०ला ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला, लाल पुलाजवळ, ज्याला इथे जंबातान मेरा म्हणतात. मग पाचवी हिंदी डिव्हिजन आणली, आणि १० नोव्हेंबरपासून शहरावर जहाजांतून, विमानांतून मारा, गल्लोगल्ली लढाई, तीन आठवडे. १० नोव्हेंबर हा इथे वीरांचा दिवस म्हणून पाळतात. सुराबायात त्या लढाईचा उंच स्तंभ आहे, मी तीनदा जाऊन आलोय. तिन्ही वेळा समोरच्या बाजूनं लढलेले "इंग्रज" बहुतेक आपलेच होते, हे सोबतच्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

@कोरेगावकरीण, त्या परदेशी नोटेवर काय लिहिलंय? जपानी अक्षरं की रोमन?

---

टपालवेडा

कार्तिकी एकादशी ४५ साली १५ नोव्हेंबरच्या आसपास येते. म्हणजे ते पत्र ऐन धुमाळीत लिहिलेलं.

---

कोरेगावकरीण

नोट रोमन अक्षरांत आहे. मला वाचता येत नाही, अक्षरं लावून लिहिते: "दे जापान्श्चे रेगेरिंग". खाली "गुल्डेन" असं काहीतरी.

---

जकार्ताकर

झालं मग. ही डच भाषा आहे, अर्थ "जपानी सरकार". जपान्यांनी इथे ताबा घेतल्यावर डच गुल्डनच्या नावानं स्वतःच्या नोटा छापल्या होत्या. लढाई संपल्यावर रद्दी. शिपायांनी आठवण म्हणून खिशात घातल्या. घरात नोटेवर "जापान" वाचलं कुणीतरी, आणि आजोबा जपानला होते असं ठरून गेलं.

---

तिरकस

वरचा माझा विनोद मागे घेतो. आजी ऐकायला हवी होती.

---

नगरी_नाना

धागा चांगला चाललाय, पण एक खडा टाकतोच. ज्या सातारा जिल्ह्यात तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांना पळता भुई थोडी करत होतं, त्याच जिल्ह्यातली पोरं इंग्रजांच्या पगारावर दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यसैनिकांवर गोळ्या झाडत होती. हळहळ ठीक आहे, पण हेही लिहायला नको का?

---

कोरेगावकरीण

@नगरी_नाना, लिहायला हवं, लिहा ना. आबांवर सावकाराचं कर्ज होतं, म्हणून मोठा मुलगा भरती झाला, एवढंच मला माहीत आहे. गावात पत्रीवाल्यांना भाकरी आमच्याही घरातून जायची असं आत्या सांगते. म्हणजे मनिऑर्डर इंग्रजांची आणि भाकरी प्रतिसरकारला. एकाच चुलीवर. आजीनं थापलेली.

---

निवृत्त_हवालदार

@नगरी_नाना, शिपायाला कुठे पाठवायचं हे शिपाई ठरवत नाही. तुमचा मुद्दा खोटा नाही, पण तो दिल्ली-लंडनला लावा. आणि तेव्हा लोक गप्प नव्हते. हिंदी सैन्य जावात वापरू नका म्हणून नेहरूंनी उघड निषेध केला, काँग्रेसनं आवाज उठवला. तिकडचे काही हिंदी शिपाई पलटण सोडून इंडोनेशियाच्या बाजूला मिळाले हेही खरं आहे. बाकीचे नंबराची वाट बघत बसले. लढाई संपल्यावर तीन महिन्यांनी मरायची पाळी आली तर माणसाला काय वाटत असेल? बर्मात जगला, इंफाळात जगला, आणि आता? घरच्यांना तर लढाई संपलीय हेच माहीत.

त्या मोडी ओळीवर मी तुमच्यापेक्षा वेगळं बोलणार. आजोबांनी फसवलं असं वाटून घेऊ नका. माझ्या नोकरीत मीही घरी फोनवर "इकडे थंडी आहे, बाकी मजेत" हेच बोललो आहे. कुठून बोललो ते बायकोला अजून माहीत नाही. पण घरात एकाला खरं सांगून ठेवावं लागतं. काही बरंवाईट झालं तर तार कुणाच्या हातात पडणार? ती घेणारा तयार पाहिजे. आजोबांनी बापाला तयार ठेवलं.

---

मेलबर्नची_माई

@निवृत्त_हवालदार, पटतंय, आणि तरी पटत नाही. तयार तिला का नाही ठेवलं? तार आली असती तर कुंकू तिचं पुसलं असतं.

---

निवृत्त_हवालदार

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझी बायको हाच प्रश्न विचारते.

---

बोरू

एक तांत्रिक गोष्ट सांगायची राहिली. मोडीचा भाग वेगळ्या शाईत नाही, वेगळ्या हातानं तर नाहीच. पण वरची अक्षरं ठसठशीत, संथ, आणि खालच्या ओळी घाईत ओढलेल्या. पत्र संपवून, सही करून, बंद करता करता ठरवलं असावं.

आणि "संक्रांतच सांगावी" यातला "च" बघा. शब्दशः "संक्रांतच".

---

बांधावरून

संक्रांतीला काय झालं मग? ४६च्या?

---

कोरेगावकरीण

आज आत्याकडे जाऊन आले (आत्या पन्नास सालची, करडी शिस्तीची बाई, कोरेगावातच असते). तिला मोबाईलवर सगळा धागा वाचून दाखवला. दोन तास लागले, मध्ये चहा.

संक्रांतीचं तिला आजीकडून ऐकलेलं आठवतं. आजीनं तिळाचे लाडू करून ठेवले होते, कुणी मागितले तरी डब्याला हात लावू दिला नव्हता. रथसप्तमी गेली. मग आबांनीच एक दिवस डबा उघडून पोरांना वाटून टाकला आणि तिला म्हणाले, "सरकारच्या बोलण्याचं काही खरं नसतं पोरी." आजी हे नेहमी आबांच्या मायेची गोष्ट म्हणून सांगायची. सासरा किती समजूतदार होता, म्हणून.

आजोबा आले आषाढात. बेळगावहून रेल्वेनं, पुढे पायी. ओसरीवर आले तेव्हा आजी परसात होती आणि तिला कोणी हाकच मारली नाही, आधी आईनं भाकरतुकडा ओवाळला, मग आबा, मग गाव. दिवे लागणीपर्यंत तिला ते फक्त पाठमोरे दिसले. न्हाणीच्या मागे शेवगा होता का, असं मी विचारलं. "होता की. त्याला काय?" एवढंच. जास्त विचारायची हिंमत झाली नाही.

सुरबाईचं सांगितल्यावर मात्र ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाव होतं होय."

मग जे म्हणाली ते लिहून ठेवते, कारण ते मला आयुष्यभर माहीत नव्हतं. ७८ साली आजोबा गेले, तेव्हापासून ती ट्रंक आजीच्याच खोलीत होती. किल्ली तिच्याच कमरेला. घरच्यांनी कितीदा म्हटलं, उघडू या, वाळवी लागेल. तिनं उघडू दिली नाही. शेवटी किल्लीच कुठेतरी टाकून आली. आत सुरबाईचं काहीतरी निघेल म्हणून. एकतीस वर्षं त्या ट्रंकेच्या शेजारी झोपली.

आत जर्सी, मग, रद्दी नोट आणि तिच्या नवऱ्याची तीन पत्रं.

---

मेलबर्नची_माई

…

---

जकार्ताकर

जानेवारीत सुराबायाला जायचं आहे. तुमची हरकत नसेल तर लाल पुलावरचा एक फोटो आत्यांसाठी काढून पाठवतो. इथे मेंतेंग पुलोला, जकार्तात, राष्ट्रकुलाचं युद्धस्मशान आहे, त्यात हिंदी शिपायांच्या कबरी आहेत. तिथेही एकदा जाऊन येईन.

---

निवृत्त_हवालदार

रेकॉर्ड ऑफिसच्या अर्जाचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. पदकांचंही विचारा. जावात होते म्हटल्यावर "दक्षिण-पूर्व आशिया १९४५–४६" अशी पट्टी असलेलं जनरल सर्व्हिस मेडल त्यांना मिळालं असणार. मोडीत गेलेलं परत येणार नाही, पण कागदावर नोंद तरी सापडेल.

---

नगरी_नाना

माझा खडा मी मागे घेत नाही, पण आत्यांना माझा नमस्कार सांगा.

---

बोरू

@कोरेगावकरीण, तुम्ही तिसऱ्या पत्राबद्दल काहीच लिहिलं नाहीत. कोपऱ्यात जो फोटो अर्धा दिसतोय, त्यात मागच्या पानाच्या तळाला काळं काहीतरी आहे. डाग नसावा, वर रेघ दिसतेय. दिवसाउजेडी, खिडकीपाशी, सरळ वरून फोटो काढा. फ्लॅश नको.

---

कोरेगावकरीण

उद्या सकाळी काढते. आत्या म्हणतेय तिच्यासमोरच वाचायचं.